शेवटच्या घराची रीत

प्रादेशिक अन्नबँकेचं जाड पाकीट दरवर्षी नाताळनंतरच्या पहिल्या टपालाने स्पेनच्या सीमेजवळच्या आझिन्याल गावात यायचं. आत वर्षभरातल्या दात्यांची यादी आणि प्रत्येकाच्या नावे एकेक छापील आभारपत्र. ‘आदरणीय दाते, आपल्या औदार्यामुळे आमच्या विभागातील अन्नसाहाय्याच्या कार्यास…’ अशी सुरुवात, आणि खाली संचालकांची सही, तीसुद्धा छापलेलीच. गावाने या पत्रांचा उपयोग केला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. सरपंचांनी आपलं पत्र काचेच्या चौकटीत लावलं होतं. खाटिक आपल्या पत्रात चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, गुंडाळून गिऱ्हाइकाला द्यायचा. बेकरीवाल्या बेल्मीरूने आपल्या पत्राच्या आठ घड्या करून ते डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा, “अन्नबँकेचा मोठाच आधार आहे बघा मला.”

फेलिश्बेलाच्या घशाखाली हे छापील आभार कधी उतरले नाहीत. अन्नबँकेचं गावातलं कोठार तीच सांभाळायची आणि चर्चच्या गायनमंडळाचं पुढारपणही तिच्याकडेच होतं. मनापासूनचं जे असेल ते गाऊन म्हणावं, असा तिचा स्वभावच होता. पाद्रीबाबांनी प्रवचनातलं एखादं वचन सुरात घेतलं, की तिच्या डोळ्यांना पाणी यायचं. तेच नुसतं बोलले, की तिला डुलकी लागायची.

“देवाचे आभार आपण गाऊन मानतो,” ती म्हणायची, “मग माणसांचे छापून का मानायचे? माणसं देवापेक्षा घाईत असतात का?”

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मंडळींनी दारोदार नववर्षाची गाणी म्हणायची, हे गावात पूर्वापार चालत आलेलं. दारात गायचं, घरधन्याने टोपलीत अंजीर, अक्रोड, चोरीस टाकायचं. तीन कडवी होऊनही ज्याने दार उघडलं नाही, त्याच्या नावाने एक टिंगलीचं कडवं म्हणून पुढे सरकायचं. फेलिश्बेलाने यात आभार घुसडले. यादीतल्या एकेका दात्यावर ती कडवं रचायची, आणि मंडळी त्याच्या अंगणात उभं राहून ते म्हणायची. आता गोम अशी, की फेलिश्बेला कौतुक करायला बसली तरी शेवटच्या ओळीत तिची जीभ घसरायचीच. पण लोकांना तेच आवडायचं. गेल्या पाच वर्षांत दाते दुप्पट झाले होते, आणि त्यातले निम्मे तरी आपल्यावर काय कडवं होतंय हे ऐकायलाच देतात, असं बेल्मीरूचं म्हणणं होतं.

यंदाच्या यादीत मात्र एक नाव नव्हतं. गौदेन्सियू.

ओढ्यापलीकडे ऑलिव्हचा घाणा असलेला हा गौदेन्सियूकाका चौऱ्याऐंशी वर्षांचा, एकटा, आणि खालच्या सुरात असा गाणारा की चर्चच्या खिडक्यांची तावदानं थरथरावीत. सतरा वर्षं तो दर हिवाळ्यात अन्नबँकेला पाच-पाच लिटरचे चाळीस डबे तेल द्यायचा. त्याच्या त्या तेलाचं फेलिश्बेलाच्या घरावर किती देणं होतं, ते तिला एकटीलाच ठाऊक. कापडगिरणी बंद पडली त्या साली तीसुद्धा अन्नबँकेच्या रांगेत उभी होती. दोन वर्षं तिच्या पोरांची अंडी त्याच तेलात तळली गेली होती.

यंदा काकाने तेल दिलं नाही. चर्चमध्ये गायला येणंही सोडलं. “सगळं तेल स्पेनच्या व्यापाऱ्याला विकलं,” असं त्याने कॉफीच्या दुकानात मोठ्याने जाहीर केलं, “फुकट वाटून वाटून कंटाळा आला मला.” गावाने ते लगेच खरं मानलं. एखाद्याचा चिक्कूपणा खरा मानायला माणसांना फारसा पुरावा लागत नाही. स्पेनचा ट्रक गावात येताना कोणीच पाहिला नव्हता, आणि दोन वर्षं पाऊस नव्हता, झाडांवर फळ धरलं नव्हतं, याचीही कोणाला आठवण झाली नाही.

फेलिश्बेलाला झाली, त्याला कारण घडलं. डिसेंबरात अन्नबँकेची अन्न गोळा करण्याची मोठी मोहीम असते. तेव्हा ती तालुक्याच्या गावी सुपरमार्केटच्या दाराशी रिकाम्या पिशव्या वाटत उभी होती. लोक आत जाताना पिशवी घ्यायचे आणि बाहेर येताना तिच्यात तांदूळ, दूध, काहीबाही घालून परत द्यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी आतून गौदेन्सियूकाका बाहेर आला. कोटाच्या आत काहीतरी दडवलेलं. तिला पाहून तो जागच्या जागी थिजला. कोटातून वर डोकावत होतं सूर्यफुलाच्या तेलाच्या बाटलीचं पिवळं टोपण. घाण्याच्या मालकाने, ऑलिव्हच्या बागेत जन्मलेल्या माणसाने, दुकानातून सूर्यफुलाचं तेल विकत घ्यावं! आझिन्यालमध्ये याहून चोरीचा माल सापडलेला बरा.

काका दोन श्वास तसाच उभा राहिला. मग त्याने बाटली बाहेर काढली आणि तिच्या पिशवीत टाकली.

“घे. तुमच्या लोकांसाठीच घेतली होती,” तो म्हणाला आणि बसच्या थांब्याकडे चालता झाला. हातात दुसरं काहीही नव्हतं.

त्यानंतर दोनदा ती शिध्याची पेटी घेऊन ओढ्यापलीकडे गेली. पहिल्या वेळी त्याने दार उघडलं नाही. दुसऱ्या वेळी दाराआडून म्हणाला, “पत्ता चुकलीस पोरी. गरजू लोक गावात राहतात.” पेटी उंबऱ्यावर ठेवून आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोठाराच्या दाराशी परत. वर व्यवस्थित सुतळी बांधलेली.

हिवाळा अजून तीन महिने होता. त्या घरात अन्न जायला हवं होतं, आणि ते काकाला न दुखावता जायला हवं होतं. फेलिश्बेलाने मेणबत्त्या लावल्या, नवस बोलले, पण उपाय काही सुचेना.

रविवारी दुपारी मंडळी कोठारात जमली तेव्हा तिने घरांचा क्रम सांगितला आणि शेवटी गौदेन्सियूचं नाव घेतलं.

“त्याच्याकडे कशाला?” लिओकादियामावशीने हातातली त्रिकोणी घंटा खाली ठेवली. सत्तरी उलटलेली ही बाई, पण गावातली कुठलीही बातमी तिच्या परवानगीशिवाय फिरत नसे. “दमडीचं तेल दिलं नाही त्याने यंदा.”

“यादीत नाव नाही, ताई,” बेल्मीरू अकॉर्डियनचा पट्टा खांद्यावर चढवत म्हणाला. “मग टिंगलीचं कडवं म्हणायचं का? ते मला फार सुरेख येतं.”

“तुला सुरेख असं काहीच येत नाही, बेल्मीरू. यादी संचालकांनी केली, गळा माझा आहे. मी म्हणते तिथे जायचं.”

“बघा बाई!” मावशी म्हणाली. “उद्या आम्ही न दिलेल्या पैशांचेही आभार मानतील या.”

निघाले. औषधांच्या दुकानाच्या मालकिणीने यंदा बाळांच्या खिमटाचे चाळीस पुडे दिले होते; तिच्या दारात मंडळींनी म्हटलं,

*कडू गोळ्यांच्या दुकानी*
*गोड खिमट गावलं;*
*गावचं रडकं तान्हं*
*आज हसून झोपलं.*

बाईने डोळे पुसत टोपलीत चीजची अख्खी गोल वडी ठेवली. पुढे सरपंच. त्यांनी चण्याचे शंभर डबे दिले होते आणि देताना वर्तमानपत्रवाल्याला बोलावलं होतं. तिथे फेलिश्बेलाची जीभ घसरलीच.

*शंभर डबे चण्यांचे,*
*संगे फोटोही मोठा;*
*चणे संपतील, राया,*
*फोटोला नाही तोटा!*

सरपंच इतके हसले की बायकोला पाठीत थोपटावं लागलं. टोपलीत चोरीसाची माळ आली. मास्तरीणबाईंनी पाच लिटर तेलाचा डबा दिला, कोणी बटाटे, कोणी मक्याचा पाव, कोणी वाळवलेले अंजीर. टोपली दोघांनी उचलावी लागत होती. ओढा ओलांडला तेव्हा उन्हं टेकडीमागे गेली होती, आणि गौदेन्सियूच्या धुराड्यातून धूर निघत नव्हता.

पहिलं कडवं झालं, नववर्षाचं. दार बंद. दुसरं झालं, नाताळच्या गोष्टीतल्या तिन्ही राजांचं. दार बंद. तिसरं, घरधन्याला दीर्घायुष्य चिंतणारं, फेलिश्बेलाने एकटीने लांबवून म्हटलं, तेवढाच वेळ मिळावा म्हणून. आत कोणी हललं नाही. शेवटी ती श्वास घ्यायला थांबली, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने बेल्मीरूचे हात आपोआप चालू झाले. तिने त्याची बाही ओढेपर्यंत अख्खी मंडळी टिंगलीच्या कडव्यावर जाऊन पोचली होती:

*दार लावून बसला,*
*गाठ पैशाला मारली;*
*उंदरांनी सुद्धा म्हणे*
*ह्याची कोठी सोडली!*

कोठी खरंच रिकामी असणार, हे फेलिश्बेलाला एकटीला ठाऊक होतं. बाकीच्यांना काय, त्यांना थट्टा वाटत होती. पण ती जागची हलायच्या आत, दाराच्या पलीकडून, जमिनीखालून यावा तसा एक सूर उमटला. चर्चमधली तावदानं ज्याने थरथरायची, तोच.

*उंदीर गेले हे खरं,*
*दोष माझा नाही, बाबा;*
*तुझ्या पेटीच्या सुराने*
*घेतला घराचा ताबा!*

अंगणात एकच हशा उसळला. बेल्मीरूचे कान लाल झाले. “अहो काका, थंडीने सूर उतरतो हो!” तो ओरडला.

“तुझा उन्हाळ्यातही उतरलेलाच असतो!” आतून उत्तर आलं.

म्हणजे ऐकतोय. फेलिश्बेलाला हुरूप आला. जो माणूस कडव्याला कडव्याने उत्तर देतो, तो अजून रुसलेला नाही. ती दाराच्या अगदी जवळ गेली आणि हलक्या आवाजात तिने चाल धरली:

*मागायाला नाही आलो,*
*भरली आहे झोळी;*
*सतरा वर्षं जे दिलंत*
*त्याच्या गाऊ चार ओळी.*

मग आतला सूर आला, मघापेक्षा बारीक:

*गेलं ते मागच्या साली,*
*यंदा विकलं स्पेनला;*
*दिलं नाही ज्याने त्याचं*
*गाणं नको गं गायला.*

“ऐकलंत?” लिओकादियामावशी म्हणाली. “स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय. चला, माझी बोटं गोठली.”

सगळे फेलिश्बेलाकडे बघत होते. जिभेच्या टोकावर कडवं तयार होतं. पिवळं टोपण, कोट, पिशवी, सगळं यमकात बसत होतं. ते म्हटलं असतं तर गावाने दोन मिनिटांत काकाला डोक्यावर घेतलं असतं. आणि दाराआडचा म्हातारा, सुपरमार्केटच्या दाराशी तिला पाहून जसा थिजला होता, तसा थिजला असता, कायमचा. दाराच्या फटीतून त्याचा श्वास ऐकू येत होता. तो वाट बघतोय हे तिला कळलं. ती काय म्हणते याची.

तिने ते कडवं गिळलं. आता दुसरं हवं होतं, आणि लगेच हवं होतं. पहिल्या दोन ओळी कशाबशा आल्या, आणि पुढच्या दोन कुठून आल्या ते तिला आजही सांगता येत नाही:

*मोजू दे देवाला, काका,*
*दिलं किती, दिलं कोणी;*
*शेवटचं घर तुमचं,*
*ठेवा चुलीवर पाणी!*

“म्हणजे काय?” आतून साधा बोलण्यातला आवाज आला. गाणं विसरला होता तो. “शेवटचं घर म्हणजे काय?”

“म्हणजे… रीत आहे,” फेलिश्बेला म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिलाच नीट माहीत नव्हतं. “फेरीचं शेवटचं घर. सगळ्यांनी तिथेच टोपली सोडायची, तिथेच रांधायचं, तिथेच खायचं. आणि उरेल ते तिथेच ठेवायचं. परत नेलं तर… तर मंडळींचे गळे बसतात. वर्षभर.”

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. अशी रीत कोणी जन्मात ऐकली नव्हती. बेल्मीरूने तोंड उघडलं, फेलिश्बेलाने त्याच्या बुटावर टाच दिली.

“आई गं! आहे, आहे रीत!” बेल्मीरू कळवळून म्हणाला. “फार जुनी आहे!”

“माझ्या आजीच्या काळची,” फेलिश्बेलाने ठोकून दिलं आणि मनातल्या मनात देवाची क्षमा मागितली.

कडी वाजली. दार वीतभर उघडलं. गौदेन्सियूकाका टोपी घालून, मफलर गुंडाळून आपल्याच घरात उभा होता.

“बूट पुसून या,” तो म्हणाला.

स्वयंपाकघर बाहेरइतकंच गार होतं. दोघा-तिघांनी लाकडं आणून चूल पेटवली, कोणी बटाटे सोलायला घेतले, बेल्मीरू पाव कापायला बसला आणि काका त्याच्या डोक्याशी उभा राहून अकॉर्डियन कसं धरतात ते त्याला सांगू लागला. चोरीस तळायचं म्हणून लिओकादियामावशीने कपाट उघडलं.

फेलिश्बेला चुलीपाशी होती, तिथून तिला ते दिसलं. फळ्या रिकाम्या. मिठाचा डबा, अर्धा पाव, आणि तेलाच्या बरण्यांची रांग. घासूनपुसून लख्ख केलेल्या, एकजात उपड्या. मावशीचा हात कपाटाच्या दारावर तसाच राहिला. पाठमोरीच होती, पण तिची मान हळूहळू खाली गेली. गावातली सगळ्यात मोठी बातमी तिच्या हाती लागली होती, आणि आता ती वळणार होती.

ती वळली. कपाटाचं दार तिने कमरेने धाडकन लावलं.

“तेल लपवून ठेवलंय मेल्याने!” ती ओरडली. “बघा, बाई-माणसाच्या हाताला लागू नये म्हणून कुठे दडवलंय देव जाणे. राहू दे, मला नकोच तुझं तेल. कडूच असतं ते. आण रे तो मास्तरीणबाईंचा डबा!”

“कडू?” काका गरजला. “माझं तेल कडू? तुझ्या लग्नातला मासा कशात शिजला होता गं?”

“म्हणून तर नवरा चार दिवस अंथरुणावर होता!”

सगळे हसले, काकाही हसला. मावशीने कढईत तेल ओतलं. मग तिने डबा परत टोपलीत न ठेवता कपाटाच्या आत, सगळ्यात खालच्या फळीवर सारला. फेलिश्बेलाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. नाक मात्र तिने दोनदा शालीच्या टोकाने पुसलं, आणि विचारायच्या आधीच धुराला शिव्या दिल्या.

जेवणं झाली, गाणी झाली. मंडळी निघाली तेव्हा टेबलावर चीज होतं, बटाटे होते, अर्धी माळ चोरीसाची, अंजिरांची पिशवी. काका दारात उभा राहिला. त्याने टेबलाकडे पाहिलं, मग फेलिश्बेलाकडे.

“ही रीत कोणाच्या काळची म्हणालीस?”

“आजीच्या, काका.”

“तुझी आजी, एश्तेफानिया.” तो सावकाश बोलत होता. “पोरी, तुझ्या आजीच्या मागे ढोल घेऊन मीच फिरायचो. सात वर्षं. एकही घर चुकवलं नाही.”

बेल्मीरूने पाय सुरक्षित अंतरावर नेले. फेलिश्बेला खोटं बोलली होती, आणि ज्याच्यापाशी बोलली होती, तो एकटाच ते सांगू शकणारा माणूस होता. आता तो टोपली भरणार, सुतळी बांधणार आणि सकाळी कोठाराच्या दाराशी आणून ठेवणार.

काकाने मफलर सैल केला.

“तू अर्धीच सांगितलीस,” तो म्हणाला. “शेवटच्या घरात उरलेलं ठेवायचं, हे बरोबर. पण शेवटच्या घराच्या धन्याने मंडळींना वर्षभर शिकवायचं असतं. खालचा सूर. ते कोण सांगणार? इतक्या बेसूर मंडळींना तर आठवड्यातून एकदा तालीम लागते.”

“हो, हो,” फेलिश्बेला घाईने म्हणाली. “ते सांगायचं राहिलंच.”

“आणि तालमीला येताना रिकाम्या हाताने यायचं नाही,” लिओकादियामावशी मागून म्हणाली. “ही पण रीतच.”

काकाने तिच्याकडे रोखून पाहिलं. ती हनुवटी वर करून त्याच्याकडे पाहत राहिली.

“हे कोणाच्या आजीने सांगितलं?”

“माझ्या. आणि माझ्या आजीला तू ओळखत नव्हतास. ती पलीकडच्या खोऱ्यातली.”

म्हातारा आत वळला, टेबलावरचं चीज उचलून त्याने फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. बटाट्यांची टोपली पायाने भिंतीशी सरकवली.

“गुरुवारी,” तो आतून म्हणाला. “सहाला. सव्वासहाला नाही. आणि दार ओढून घ्या जाताना, ऊब बाहेर जातेय.”